आडवा प्रोग्रॅम

"कागदाची रुंदी संपते, लांबी कधी संपते का? आपण आडवं छापू!" लांबणकाका म्हणाले, ते अशा थाटात, की कागदाचा शोध जणू त्यांच्याच घराण्यात लागला होता!

काका ऑफिसातले सर्वांत जुने प्रोग्रामर. बोलायला लागले की लांबण लावायचे आणि प्रोग्रॅमही तसेच लिहायचे. ओळ तोडणं त्यांच्या जिवावर यायचं. दोन-दोनशे अक्षरांची एकेक ओळ! ऑफिसचा म्हातारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ऐंशी अक्षरांतच दमायचा आणि उरलेलं शेपूट खालच्या ओळीत कोंबायचा. सकाळीच साहेबांनी असला एक प्रोग्रॅम परत पाठवला होता.

"हे वाचायचं की विंचरायचं? नीट छापून आणा, मग सही!"

सही नाही तर रजा नाही. आणि उद्या सकाळी काका-काकूंना लेकीकडे निघायचं होतं. नातू तीन महिन्यांचा झाला, तरी आजोबांनी अजून त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. काकूंनी बॅग भरून दाराशी ठेवली होती.

काकांनी अक्षरं आडवी पाडणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, प्रिंटर सुरू केला आणि जेवायला गेले. चार जणांना स्वतःची हुशारी सांगून, सावकाश परतले. घाईत अक्षराच्या मापात एक शून्य जास्त पडलं होतं, एवढंच!

येऊन बघतात तर काय, कागद खोलीच्या दाराबाहेर आलेला! एकेक अक्षर मुठीएवढं. कागदाच्या रुंदीत जेमतेम चार ओळी, आणि त्या वाचायला पंचवीस फूट चालायचं! चाळीस ओळींच्या मिळून दहा पट्ट्या झाल्या होत्या आणि शिपाईदादा त्या व्हरांड्याच्या भिंतीवर चिकटवत होते.

"अहो दादा, हे काय चालवलंय?"

"एवढी मोठी अक्षरं म्हणजे नोटीसच असणार ना, काका! सात लावल्या, तीन राहिल्या."

"काढा! आधी काढा!"

"फाटेल हो. चिकटपट्टी चांगल्यातली आहे!"

तेवढ्यात साहेब बाहेर आले. काकांची पाचावर धारण बसली. रजा बोंबलली! आता काकूंना काय सांगायचं?

साहेब भिंतीपाशी थबकले. पहिली ओळ वाचत टोकापर्यंत चालत गेले. परत आले, दुसरी ओळ. चष्मा खिशातच! पाऊण तास साहेबांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या आणि मागे काका, हातात जाड पेन घेऊन. तीनदा साहेबांनी भिंतीवर बोट ठेवलं. "इथे चुकलंय." आणि चुकलेलंच होतं! काकांनी मुकाट्याने दुरुस्त केलं.

"उत्तम!" साहेबांनी शेवटच्या पट्टीवर सही ठोकली. "जा रजेवर, नातवाला भेटून या."

काकांना वाटलं, साहेबांना मिठीच मारावी!

"खरं सांगू?" साहेब हळूच म्हणाले, "तुमचं ते बारीक अक्षर मला कधी दिसलंच नाही. बारा वर्षं नुसत्या सह्या केल्या. आता परत आलात की जुने सगळे असेच छापा. एकूण एक वाचणार आहे मी!"

संध्याकाळी काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"सही झाली?"

"झाली."

"रजा?"

"मिळाली."

"मग चेहरा का असा पडलाय?"

"अगं," काका कपाळाला हात लावून म्हणाले, "साहेब वाचायला लागले!"