उजव्या पायात गियर

ढोमणेकाकांना त्यांचं घराणं विचारलं, की ते मोटारसायकलचं घराणं सांगतात.

त्यांच्या पुतणीला पाहायला भिलाईचे पाहुणे आले होते. मुलाच्या मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि रीतसर विचारलं, "आपण मूळचे कुठले?"

काका खुर्चीत पुढे सरकले. "मूळचे इंग्लंडचे. पहिली पिढी एका सिलिंडरची. मागं स्प्रिंग नाही, खड्डा आला का सरळ मणक्यात. पण रविवारी शर्यत जिंकून सोमवारी त्याच गाडीवर हापिसात जाता यावं, अशी बनवली होती त्यायनं."

मामांनी शालूकाकूंकडे पाहिलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "हे गाडीचं सांगून राहिले. आम्ही वर्ध्याकडचे. पोहे घ्या."

लग्न जमलं. जाताना मामांनी गाडी पाहायला मागितली, तेव्हाच ते जमणार हे मला कळलं होतं.

रायपुरात आमची आणि ढोमण्यांची भिंत एकच. काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. सडपातळ, ताठ, शर्टाच्या खिशात कायम एक स्पार्क प्लग. कुणी म्हणालं की अमुक गोष्ट होणार नाही, तर ते मान तिरपी करून विचारत, "होत नाही म्हंजे? करून पाह्यलं काय?" समोरच्यानं करून पाहिलेलं नसायचंच. मग काका करून पाहायचे.

त्यांच्या गाडीचा गियर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. रायपुरातल्या बाकी सगळ्या मोटारसायकलींना हे उलटं असतं. एकदा काकांनी आमच्या ह्यांची गाडी मागून नेली आणि कोपऱ्यावर ब्रेक लावायच्या ऐवजी गियर बदलला. पानठेल्यावरचे लोक बाजूला झाले म्हणून वाचले. काका उठले, पँट झटकली आणि ह्यांना म्हणाले, "तुमची गाडी उलटी आहे. कंपनीले कळवा."

त्या गाडीच्या पिढ्या आम्हा शेजाऱ्यांना पाठ झाल्या होत्या. दुसरीला पुढच्या चाकाला नळीतले स्प्रिंग आले. तिसरीला मागचे शॉक अॅब्सॉर्बर आले, दोन सिलिंडर आले, आणि वेग असा वाढला की तिकडच्या पोलिसांनाही तीच गाडी घ्यावी लागली. चौथीत इंजिन आणि गियरपेटी एका खोक्यात गेली. इथवर काकांचा आवाज खणखणीत असायचा. पुढे तो उतरायचा. "पाचवी बटनावर चालू व्हाले लागली. गियर डाव्या पायात नेला. मंग घर बुडालं." आता दुसऱ्याच कुणीतरी ते नाव विकत घेऊन नवी गाडी काढली आहे, हे ते सांगत, पण घरातून पळून गेलेल्या मुलीबद्दल सांगावं तसं, थोडक्यात.

काकांची गाडी तिसऱ्या पिढीतली. तरुणपणी त्यांनी ती बिलासपूरच्या एका डॉक्टरांकडून आणली होती. चालवत नव्हे, पोत्यांतून. सुटे भाग जोडायला त्यांना काही वर्षं लागली. तेव्हापासून नियम असा, की जसं होतं तसंच राहील. एक नटही बाहेरचा नाही. पुण्याला असलेल्या मुलानं, नीलेशनं, वाढदिवसाला इंडिकेटरचा जोड पाठवला. काकांनी तो परत धाडला. "तिले डोळे मारायची सवय लावाची नाही," फोनवर ते एवढंच बोलले.

एकदा तेलीबांध्याकडचा एक मुलगा नव्या अवताराची गाडी घेऊन गल्लीत आला. काका बनियनवरच बाहेर आले. गाडीभोवती फिरले, वाकून खाली पाहिलं.

"हे रेडिएटर आहे काय?"

"हां अंकल. वॉटर कूल्ड है. वही गाडी है, नया मॉडल."

"चालू कर."

मुलानं बटण दाबलं. काका कान लावून उभे राहिले. "आवाज करून नाही राहिली," ते शेवटी म्हणाले, "चुगली करून राहिली." मुलाला मराठी कळत होतं. तो हसला आणि पुढच्या रविवारी आणखी दोघांना घेऊन काकांच्या व्हरांड्यात हजर झाला.

त्या व्हरांड्यात शालूकाकू भाजी निवडत बसलेल्या असत. काका त्या पोरांना पिढ्या सांगत आणि मध्येच अडत. "ते नळीतले स्प्रिंग आले थे साल..." आणि काकू वर न पाहता साल सांगत. त्यांना गाडीत रस होता असं मला कधीच वाटलं नाही. ऐकत आल्या होत्या, इतकंच.

मागच्या वर्षी काकूंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि शब्द गेले. सगळे नाही. एकेक शब्द दुरून यावा तसा यायचा, आणि वाटेत थांबायचा. डॉक्टर म्हणाले, सुधारणा होईल, पण त्यांना घरात बसवून ठेवू नका, माणसांत न्या, बोलायला लावा.

काकूंनी घराबाहेर पाऊल टाकायला नकार दिला. चाकाची खुर्ची पाहिली की तोंड फिरवायच्या. नीलेशनं कार भाड्यानं सांगितली. काकू बसल्या, दार बंद झालं, काच वर गेली, आणि त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन डाव्या हातानं काच ठोकू लागल्या. कार परत गेली. मग काकू खिडकीशीही बसेनाशा झाल्या.

काकांच्या व्हरांड्यात पोरंही येईनाशी झाली. गाडीवर चादर पडली. भिंतीपलीकडून पूर्वी दिवसभर काकांचं बोलणं यायचं, ते आता येईना. मी डबा घेऊन गेले, तर काका ओट्याशी उभे राहून काकूंसाठी भात मऊ करत होते.

"काका, थोडं बाहेर पडत जा तुम्ही," मी म्हटलं.

"पडतो न." मग भात घोटता घोटता म्हणाले, "मंजू, मले वाटे मी लोकायले सांगतो. मी हिलेच सांगत होतो. ती बोलेनाशी झाली, आन मले सांगावंसंच वाटत नाही."

पंधरवडा गेला असेल. एका सकाळी काका गाडीवरची चादर काढून तिला ढकलत टेम्पोत चढवताना दिसले. मला वाटलं, विकली.

"कुठं नेऊन राहिले?"

"बीरगांवले," ते म्हणाले आणि टेम्पोत बसले.

बीरगांवला फॅब्रिकेशनचं एक दुकान आहे. तिथं कारखान्यांची गेटं आणि शेड बनतात. तिथल्या साहूला काकांनी सांगितलं, की गाडीच्या डाव्या बाजूला एक पाळणा जोडायचा आहे, माणूस बसेल असा, खाली चाक असलेला. साहूनं गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "कका, फ्रेम मा वेल्डिंग करे ला परही. चलही?"

हा प्रसंग मला साहूनंच नंतर सांगितला. तो म्हणाला, फ्रेमलाच वेल्डिंग करावं लागेल म्हटल्यावर कका मागं फिरले. दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. परत आले आणि म्हणाले, "हव. कर."

ज्या माणसानं इंडिकेटर परत पाठवले होते, त्यानं त्या फ्रेमला चार जागी लोखंड जोडून घेतलं. पुढचं दातेरी चाक काढून लहान बसवलं, म्हणजे वेग कमी होतो आणि ओढायची ताकद वाढते. शर्यतीसाठी जन्मलेली गाडी काकांनी स्वतःच्या हातानं बैलगाडीच्या चालीवर आणली.

पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा पाळण्यात तांदळाचं पोतं होतं. काकांनी वेग दिला की गाडी डावीकडे पळायची, ब्रेक दाबला की उजवीकडे. आमचं फाटक वाकलं आणि मोगऱ्याची कुंडी गेली. काकांनी फाटक सरळ करून दिलं आणि गाडी पुन्हा बीरगांवला नेली. मग चाक थोडं आत वळवलं, गाडी थोडी उजवीकडे कलती ठेवली. पुन्हा पोतं. पुन्हा फाटक. ह्यांनी वैतागून म्हटलं, "काका, हे जमणार नाही." काकांनी मान तिरपी केली. त्या तिरप्या मानेकडे पाहून मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी दिसली होती.

पोतं सरळ जायला लागलं, तेव्हा ते माझ्याकडे आले. "तू बस. तुझं वजन हिच्याएवढंच आहे."

काकू माझ्याहून चांगल्या जाड आहेत, पण वादाची ती वेळ नव्हती. मी बसले. गल्लीतल्या बायका दारात आल्या. काकांनी मला पाऱ्याला, म्हणजे आमच्या मोहल्ल्याला, वळसा घालून आणलं आणि उतरल्यावर विचारलं, "चढताना कुठं धरावंसं वाटलं?" मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिथं डाव्या हाताला धरायला दांडी आली होती, दार कापून खाली घेतलं होतं, आणि एक पायरी होती.

काकूंनी दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, "डब्यात... नाही... बसत."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी गाडी धुतली, पाळण्यात काकूंची उशी ठेवली आणि व्हरांड्यात पेपर वाचत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. आग्रह नाही. असे किती दिवस गेले कोण जाणे. एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "मंजू, तुझी स्कूटी काढ. मागून ये. आम्ही चाललो."

काकूंनी डाव्या हातानं दांडी घट्ट धरली होती. डोक्यावरून पदर, डोळे मिटलेले. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत मिटलेले. मोठ्या रस्त्यावर वारा लागला तेव्हा उघडले. तेलीबांध्याच्या तलावाला काकांनी इतक्या हळू फेरी मारली, की फिरायला आलेले लोक आमच्या पुढे गेले. काकू पाण्याकडे पाहत होत्या. लोकांची नजर त्यांच्याआधी गाडीवर जायची, आणि ते काकूंना चालत होतं.

येताना सदर बाजाराजवळ काकूंनी हात वर केला. रस्त्याच्या कडेला एक बाई लाल भाजीच्या जुड्या घेऊन बसली होती. काकांनी गाडी तिच्याशी नेऊन लावली. काकू काहीतरी म्हणाल्या. इंजिन धडधडत होतं, बाईला ऐकू आलं नाही. काकू पुन्हा म्हणाल्या. बाईनं काकांकडे पाहिलं.

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग हात खाली नेऊन इंजिन बंद केलं.

तापलेली ती गाडी बंद केली की लवकर उठत नाही, हे आमच्या गल्लीत लहान मुलालाही माहीत आहे. मागं रिक्षा होती, तिच्या मागं आणखी गाड्या. हॉर्न वाजू लागले.

"ये... नहीं," काकू म्हणाल्या. "नीचे... वाली."

"एहा दाई?" बाईनं विचारलं. इकडे आईला दाई म्हणतात.

"हव. ताजी... है?"

"आज बिहनिया के तोड़े हंव, दाई."

आज सकाळीच तोडलीय असं ती सांगत असतानाही काकूंनी जुडी उलटी करून देठ पाहिले, एक परत केली, दुसरी घेतली. काका हँडल धरून समोर बघत उभे होते. मागच्या रिक्षावाल्यानं त्यांना काही सुनावलं, त्यांनी मान वळवली नाही.

भाजी झाली. काकांनी किक मारली. गाडी उठली नाही. गुडघा दाबून धरला, पुन्हा मारली. माझ्यामागून आता शिव्याही यायला लागल्या होत्या. मी स्कूटी लावून पुढे धावले, धक्का द्यायला. काका घामानं निथळत होते. त्यांनी काकूंकडे पाहून हलकेच म्हटलं, "थांब हं, होते आता."

काकूंनी जुडी मांडीवर सोडली होती आणि डाव्या हातानं एकेक पान खुडायला सुरुवात केली होती.

"होऊ... द्या," त्या म्हणाल्या. "मले... घाई नाही."