उबेला बसलेले पाहुणे

या, सरका पुढे, ऐसपैस मांडी घाला. फोन जरा लांब ठेवा, आजच्या गोष्टीत घोळ त्यानेच वाढवला. देवाला कुठल्याही नावाने हाक मारा, तो ओ देतो. यंत्राचं तसं नसतं. हे एका जावयाला कसं कळलं, ते ऐका.

निवृत्त सासऱ्यांनी मागच्या खोलीत अंडी उबवायचं यंत्र मांडलं होतं. पहिलीच खेप, त्यामुळे त्यांचा जीव त्या काचेला चिकटलेला. जावई संगणकातला. त्याने तीन प्रोग्राम बसवून दिले. एक ऊब राखणारा, दुसरा अंड्यांचे ट्रे हलवणारा, तिसरा काही बिघडलं की फोन करणारा. प्रत्येकाची सूचनांची वेगळी फाइल.

पिल्लं बाहेर यायच्या बेतात आली की ट्रे हलवायचे नसतात. म्हणून जावयाने ट्रेच्या फाइलीत हलवायच्या ओळीआधी हॅश, म्हणजे # ही खूण टाकली. हॅश टाकला की ओळ झोपते, प्रोग्राम तिच्याकडे बघत नाही, हे त्याला ऊबवाल्या प्रोग्रामने शिकवलं होतं.

"जावईबापू, हे अजून झोके घेतायत," सासरे म्हणाले. "आत पिल्लांच्या माना मुरगळतील हो!"

"बाबा, बंद केलंय मी."

"मग यांना कळवायचं राहिलं वाटतं."

शोधल्यावर कळलं, ट्रेवाल्याला हॅश समजतच नाही. त्याला लागतो अर्धविराम. तो देताच ट्रे थांबले, पण जावयाचं डोकं फिरलं. "एका घरात तीन सासवांचे तीन कायदे!" तो करवादला. मागे सासूबाई उभ्या होत्या. त्याने जीभ चावली.

नीटनेटकेपणाचं त्याला भारी वेड. त्याने तिन्ही फाइलींत हॅश काढून सरसकट अर्धविराम घातला आणि निर्धास्तपणे हात धुवायला गेला.

इकडे ऊबवाल्याला अर्धविराम दिसल्यावर पुढचं वाचताच येईना. तो रुसून बसला, हिटर गार पडला. फोनवाल्याची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या फाइलीत नातेवाइकांचे नंबर चाचणीपुरते घालून हॅशने झोपवलेले होते. अर्धविरामाला त्याने जुमानलंच नाही. हॅश गेला, नंबर जागे झाले. ऊब उतरू लागताच सगळ्यांना निरोप गेला, "धोका आहे, ताबडतोब या."

आधी आत्या आली, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. मागोमाग मेहुणा, अर्ध्या गालावर साबण.

"कोण गेलं रे?" आत्याने उंबऱ्यातूनच विचारलं.

"अजून कोणी नाही." सासरे काचेला नाक लावून म्हणाले. "पण आतली जातील."

जावयाने घाम पुसत ऊबवाल्याच्या फाइलीत हॅश परत घातला. हिटर लागला, पण त्याला तापायला वेळ हवा होता. तोवर अंड्यांचं काय?

"बघत काय बसलात?" सासूबाई कडाडल्या. "शाली काढा, पांघरुणं काढा. सगळ्यांनी मांडीत अंडी घ्या!"

"मला ऑफिस आहे, आई," मेहुणा कुरकुरला.

"कोंबडी म्हणते का असं?"

मेहुणा बसला. सगळेच बसले, श्वास रोखून. आत्या डोळे मिटून नाम घेत होती. देवाला नेमकी कुठली खूण चालते कोण जाणे, म्हणून जावई आठवतील तेवढ्या नावांनी धावा करत होता.

टक.

"हलू नका कुणी!" मेहुणा ओरडला. त्याच्या शालीतून ओलं, चिंब डोकं वर आलं. सासऱ्यांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

यंत्र तापलं, उरलेली अंडी आत गेली, रात्रीपर्यंत खोलीभर चिवचिवाट झाला. जावई ओशाळून फोनच्या फाइलीतले नातेवाइकांचे नंबर पुन्हा झोपवायला बसला, तेवढ्यात सासऱ्यांनी त्याचा हात धरला.

"ती फाइल तेवढी बिघडलेलीच राहू द्या, जावईबापू."

तर मंडळी, उद्या तुमचं यंत्र रुसलं, तर त्या आत्याची आठवण काढा. काय झालंय ते ठाऊक नसताना धावत आली, आणि पिल्लू बाहेर येईपर्यंत जागची हलली नाही.