जरा जाडच बरी

केबल काही केल्या मोटरच्या पेटीत जाईना. वायरमन क्लॅरी डनस्टननं तिला आधी गोडीगुलाबीनं वळवून पाहिलं, मग गुडघा टेकवून, मग शिव्या देऊन. मनगटाहून जाड ती बया उंबऱ्यावर रुसलेल्या पाहुणीसारखी ताठ.

"पोरी, ही केबल आहे की जहाज बांधायचा दोर?"

नोला पेथरिकचे कान लाल झाले. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरच्या त्या साखर कारखान्यात ती नवी इंजिनिअर. उसाला तुरे आले होते, सोमवारी गाळप सुरू होणार होतं आणि चरकाची ही नवी मोटर म्हणजे तिचं पहिलंच स्वतंत्र काम. मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह वीज वेडीवाकडी पाठवतो, त्यानं केबल जास्त तापते; केबल टाकायच्या चरातला उकाडा वेगळाच. सगळं धरून तारेच्या जाडीचं तिचं उत्तर आलं होतं एकशेपंच्याऐंशी चौरस मिलिमीटर. कागदावर मात्र तिनं दोनशेचाळीस लिहिलं. क्लॅरी रोज त्या केबलीशेजारी राबणार; जरा जाडच बरी.

पण ही तर चारशेची होती!

मुख्य इंजिनिअर वॉरिक टिब्स धावत आला, तोंडात अर्धा लॅमिंग्टन केक. मागोमाग नकाशे काढणारा बेव्हन.

"मी तीनशे केली होती," बेव्हन पुटपुटला. "म्हटलं, नोलानं ड्राइव्हचं तापणं धरलं नसेल."

"धरलं होतं!"

वॉरिकनं घास गिळला. "मग चारशे मी केली. मला वाटलं, बेव्हन उकाडा विसरला असेल."

"वा रे शहाण्यांनो! एका उन्हासाठी दोन छत्र्या," क्लॅरी म्हणाला.

गप्प बसली असती तर नोला सुटली असती. पण क्लॅरीचे सोललेले गुडघे तिला दिसत होते.

"तीन," ती म्हणाली. "पहिली माझीच. हिशेब एकशेपंच्याऐंशीचाच होता. उकाड्यासकट, ड्राइव्हसकट."

वॉरिकनं शेजारच्या कारखान्याला फोन लावला. त्यांच्याकडे ड्राइव्हसाठीचीच एकशेपंच्याऐंशीची केबल शिल्लक होती. शनिवारी दुपारी ती आली आणि मांजर कुशीत शिरावं तशी पेटीत शिरली.

सोमवारी चरक घुमू लागला, रसाचा गोड वास सुटला. तासाभरानं चौघंही चराशी जमले. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा एकेकानं केबलीवर हात ठेवून पाहिला. नुसती कोमट.

"पोरीचा हिशेब पक्का आहे," वॉरिक म्हणाला. "यापुढे कुणीही गुपचूप जास्तीचं धरायचं नाही. कबूल?"

"कबूल!"

दारापर्यंत जाऊन तो परत वळला. "नोला, पुढची मोटर येईल ना, तिची पेटी तेवढी मोटरवाल्यांना एक नंबर मोठी सांग हं."

"कालच सांगितली."

क्लॅरी खाकरला. "मीही केला होता त्यांना फोन. परवा."

खिशातला फोन चाचपत बेव्हन घाईघाईनं बाहेर निघाला, आपला निरोप परत घ्यायला.