डाव्या हाताचं तिसरं घर

टेलरमास्तरांचा चौथा अर्ज नामंजूर करून चिटणीस घरी आले तेव्हा ते अगदी खुशीत होते. माणूस मनानं वाईट नव्हता हो. कुणाचा अर्ज फेटाळल्याचा त्यांना आनंद होत नसे. आनंद होता तो नियम पाळला गेल्याचा. उभा जन्म मोजणी खात्यात काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर इतिहास मंडळाचा चिटणीस झाला आणि शेतांच्या हद्दी मोजायचा तो जुन्या घरांची दारंखिडक्या मोजू लागला, एवढाच काय तो फरक.

बायको स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावून भाजी निवडत होती. चौथ्या अर्जाची हकिगत तिनं ऐकून घेतली, निवडलेली भाजी बाजूला सारली आणि म्हणाली, "सोमवारी गवंडी येतोय. मीच सांगून आले. आता विसरलो म्हणायची सोय नाही."

स्वयंपाकघराच्या गल्लीकडच्या भिंतीत एक खिडकी पाडून द्या, एवढंच ती अकरा वर्षं मागत होती. तीन फुटांची, फार नाही. पण त्या भिंतीला लागून मंडळाच्या जुन्या फायलींची तीन कपाटं उभी होती, कारण घरातली सगळ्यात कोरडी भिंत म्हणे तीच. दरवर्षी काहीतरी निघायचं. कधी प्रदर्शन, कधी वार्षिक सभा, कधी सूचीचं काम. बिचारीनं अकरा वर्षं तांदळातले खडे दिव्याच्या उजेडात वेचले आणि तरीही दर महिन्याला एखादा दाताखाली यायचाच.

आता टेलरमास्तरांचं दुखणं काय होतं तेही सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मंडळानं त्यांच्या घरावर पितळी पाटी लावली होती. शहरातल्या मनोऱ्याचं मोठं घड्याळ ज्यानं घडवलं तो कारागीर इथे राहत होता, अशी. पुरावा पक्का होता. कारागिराच्या भाच्याचं एक पत्र मंडळाला मिळालं होतं आणि त्यात मामाच्या घराची खूण लिहिली होती: गल्लीत शिरलं की डाव्या हाताचं तिसरं घर. चिटणीस बाजाराच्या टोकानं गल्लीत शिरले, डाव्या हाताची तीन घरं मोजली, टेपनं अंतर घेतलं आणि वहीत टिपलं. टेलरमास्तरांना तेव्हा आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी सगळ्या गल्लीला चहा पाजला.

पण पाटीमागोमाग नियम सात आला. पाटी लागलेल्या घराच्या दारंखिडक्यांना मंडळाच्या संमतीवाचून हात लावायचा नाही, आणि कारागिराच्या काळी घर जसं होतं तसंच राखायचं. नियम चिटणिसांनीच लिहिला होता, आणि नगरपालिकेनं तो तसाच्या तसा मान्य केला होता. इकडे टेलरमास्तरांना एका शाळेचे तीनशे गणवेश शिवायचं काम मिळालं. त्यासाठी त्यांनी एका अखंड फळीचं कापणीचं टेबल घेतलं आणि ते काही दारातून आत जाईना. उभं धरलं, आडवं धरलं, तिरकं धरलं. शेवटी ते ओट्यावरच राहिलं. मास्तर बाहेर कापड पसरायचे, त्यावर दगड ठेवायचे आणि वारा आला की बाह्यांच्या मागे बाजारापर्यंत धावायचे. दार फूटभर रुंद करू द्या, एवढाच त्यांचा अर्ज.

तिसऱ्या अर्जाच्या वेळी चिटणिसांनी त्यांना समजुतीनं सांगितलं होतं, की मास्तर, नियम बदलायचा अधिकार फक्त सभासदांना असतो. मग काय, मास्तर दुसऱ्याच दिवशी सभासद झाले. रोज सकाळी तासभर मंडळाच्या खोलीत येऊन बसायला लागले. चिटणिसांना तर शिष्यच मिळाला. त्यांनी मास्तरांना जुने नकाशे वाचायला शिकवलं, जुनी लिपी शिकवली, कागद कसा हाताळायचा ते शिकवलं. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस तो, भराभर शिकला. आपल्या हातानं आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे चिटणिसांच्या ध्यानीमनी नव्हतं.

चौथा अर्ज फेटाळला त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी मास्तरांनी एक नकाशा त्यांच्यापुढे सरकवला. पत्राच्याच सालातला होता. मास्तरांनी नकाशात आजच्या बाजाराच्या जागेवर बोट ठेवलं. तिथे बाजार नव्हता, तळं होतं.

"साहेब, मी आपला कपड्यावाला माणूस," मास्तर म्हणाले. "सदरा उलटा केला की डावी बाही उजवीकडे जाते. तळं होतं म्हणजे बाजाराकडून गल्लीत शिरताच येत नव्हतं. लोक दुसऱ्या टोकाच्या विहिरीकडून शिरत असतील, नाही का?"

चिटणिसांनी विहिरीच्या टोकापासून मोजलं. पहिलं, दुसरं, तिसरं. पुन्हा मोजलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं. मोजणी खात्यात त्यांनी एवढी वर्षं काढली, पण मोजायला कुठल्या टोकाला उभं राहायचं तेच इथे चुकलं होतं. विहिरीकडून शिरलं की डाव्या हाताचं तिसरं घर त्यांचं स्वतःचं होतं.

"अभ्यास करावा लागेल," असं काहीतरी पुटपुटून त्यांनी नकाशा गुंडाळला आणि घरी आणला. मास्तर फक्त बरं म्हणाले. त्यांनी विहिरीकडून घरं मोजली होती की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

चिटणिसांची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. आत्ता खरं सांगावं तर पाटी आपल्या घरावर येणार, नियम सात लागू होणार आणि बायकोची खिडकी जन्मात होणार नाही. न सांगावं तर तो गरीब माणूस ओट्यावर बाह्या धरत बसणार. बराच विचार करून त्यांनी मधला मार्ग काढला. मंडळाची सभा बुधवारी होती, गवंडी सोमवारी येणार होता. खोटं बोलायचं नाही, खरं बोलायला फक्त चार दिवस उशीर करायचा. बुधवारपर्यंत खिडकी पडलेली असेल आणि पडल्या खिडकीला कोण काय करणार?

पण चार दिवस म्हणता म्हणता रविवार आडवा आला. रविवारी मंडळाची वारसा फेरी असे. चाळीसएक माणसं, पुढे चिटणीस. मास्तरांच्या घरासमोर सगळे थांबले आणि नेहमी इथे ज्यांची गाडी सुसाट सुटायची ते चिटणीस अडखळले. "या... या परिसरात," ते म्हणाले, आणि हात असा गोल फिरवला की त्यात दोन्ही बाजूंची घरं, विजेचा खांब आणि विहीरही आली. एका बाईंनी विचारलं, की कारागीर नक्की कुठल्या खोलीत काम करायचा? तेवढ्यात वाऱ्यानं मास्तरांच्या दोन बाह्या उडाल्या. चिटणीस इतक्या चपळाईनं त्यांच्या मागे धावले की लोकांना मोठं कौतुक वाटलं. परतताना त्या बाह्या हातात धरून त्यांना स्वतःची लाज वाटत होती, अगदी मनापासून.

सोमवारी गवंडी आला. चिटणिसांनी स्वतः कपाटं सरकवली, स्वतः पाणी आणून दिलं आणि गवंड्याच्या मागे असा धोशा लावला, की आज भोक आरपार व्हायलाच हवं, उद्यावर टाकू नका. हातभर गिलावा निघाला तोच बायकोनं त्यांना बाजूच्या खोलीत बोलावलं. अकरा वर्षं ज्याला सवड मिळाली नाही तो माणूस आज गवंड्याला घाई करतोय, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, एवढं तिला कळत होतं.

चिटणीस फार वेळ तग धरू शकले नाहीत. पत्र, तळं, विहीर, डावी बाही, सगळं सांगून टाकलं. तिचा चेहरा उतरला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि गवंड्याला म्हणाली, "काम थांबवा, दादा. आज नको."

"अगं, पण दोनच दिवसांचा प्रश्न आहे," चिटणीस म्हणाले.

"त्या उजेडात मला रोज मास्तरांचा ओटा दिसेल," ती म्हणाली. "असला उजेड काय करायचाय? जा, आधी त्यांना सांगून या."

चिटणीस गल्ली ओलांडून गेले. वीस पावलांचं अंतर, पण त्यांना ते कोसभर वाटलं. मास्तर खडूनं कापडावर रेघ ओढत होते. चिटणिसांनी उभ्याउभ्याच सगळं कबूल केलं आणि माफी मागितली. मास्तरांनी रेघ पुरी केली.

"मला ठाऊक आहे, साहेब. शुक्रवारीच मोजून आलो होतो मी, दोन्ही टोकांनी."

"मग बोलला का नाहीत?"

"गवंड्याकडून कळलं होतं, वहिनींची खिडकी सोमवारी आहे म्हणून. म्हटलं, इतके महिने टेबल बाहेर आहे, आणखी चार दिवसांनी काय बिघडतंय? बुधवारी सभेत काढणारच होतो विषय."

चिटणिसांचे डोळे भरून आले होते, पण मोजणी खात्याच्या माणसानं ओट्यावर रडणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी कापडाचं एक टोक धरून ठेवलं. त्या दुपारी दोघांनी मिळून पाचपन्नास बाह्या कापल्या.

बुधवारच्या सभेत चिटणिसांनी आपली चूक स्वतः वाचून दाखवली. अध्यक्ष म्हणजे शहरातले जुने दंतवैद्य. कुणाची चूक उघडी पडली तर त्यांना कसंसंच होई. त्यांनी घाईघाईनं ठराव करून टाकले. मास्तरांची पाटी काढावी, त्यांना दार मोकळं करून द्यावं आणि पाटी चिटणिसांच्या घरावर लावावी. चिटणिसांनीच उभं राहून आठवण करून दिली, की नियम सातप्रमाणे आपल्या भिंतीचा उचकटलेला गिलावाही पूर्ववत करायला हवा, आणि आपणच आपल्या घराची तपासणी करणं योग्य नाही. तेव्हा ते काम एकमतानं टेलरमास्तरांकडे आलं. चिटणिसांच्या बायकोनं फक्त दिवा जास्त वॉटचा आणला.

गुरुवारी सकाळी मास्तर गळ्यात टेप घालून तपासणीला आले. बरोबर अध्यक्ष होते आणि भिंत लिंपायला तोच गवंडी. नवा गिलावा धरावा म्हणून गवंडी जुन्याच्या कडा खरवडायला लागला. खरवडता खरवडता तो थांबला. म्हणाला, इथे भिंत दगडाची आहे, मग मध्येच विटा कुठून आल्या? त्यानं आणखी थोडं खरवडलं. विटा संपेनात. वर गेला तर दगडाची लांब पट्टी लागली, खाली गेला तर घासून गुळगुळीत झालेला उंबरठ्यासारखा दगड. मास्तरांनी टेप लावला. रुंदी सव्वासहा फूट.

"खिडकी आहे ही," मास्तर हळूच म्हणाले. "कुणीतरी मागाहून बुजवलीय. आणि असणारच की, साहेब. घड्याळाची बारीक चाकं घासणारा माणूस अंधारात कसा बसेल?"

चिटणिसांनी भिंतीला हात लावला. आपण इतकी वर्षं ज्या पुराव्याच्या शोधात दप्तरं धुंडाळली, तो पुरावा आपण दप्तरांनीच झाकून ठेवला होता. त्यांना हसू आलं आणि हसता हसता ठसकाही लागला.

मास्तरांनी नियम सात काढून मोठ्यानं वाचला. कारागिराच्या काळी घर जसं होतं तसंच राखायचं. मग तिथल्या तिथे आदेश लिहिला, की विटा पंधरा दिवसांत काढून खिडकी मूळ मापात उघडावी, त्यात कोणतीही सबब चालणार नाही. अध्यक्षांनी सही केली. चिटणिसांच्या बायकोनं तीन फूट मागितले होते, मंडळानं तिला सव्वासहा फूट घ्यायला लावले. ती बिचारी पदर तोंडाला लावून हसत होती आणि हसता हसता डोळे पुसत होती.

खिडकी झाली. स्वयंपाकघरात असा लख्ख उजेड आला की तांदळातला खडा हातभर लांबून दिसावा. कपाटं झोपायच्या खोलीत गेली, आणि चिटणिसांना पलंगावर चढायचं तर आता पायथ्याकडून चढावं लागे. पण त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

पुढच्या रविवारी वारसा फेरी त्यांच्या दारात आली. खिडकीची गोष्टच अशी होती की ती ऐकायला या वेळी साठ माणसं जमली, आणि साठच्या साठ खिडकीशी गर्दी करून आत बघायला लागली. आत चिटणिसांची बायको कणीक मळत होती. कुणी उंबरठ्याचा दगड चाचपला, कुणी कढईत काय आहे ते विचारलं. ती संध्याकाळीच नवऱ्याला घेऊन मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, की एक जाडसा पडदा शिवून द्या बाई मला.

टेलरमास्तरांनी नव्या दारातून आत आलेल्या टेबलावर कात्री ठेवली. फार गंभीर झाले. "वहिनी, पडदा आत्ता शिवतो," ते म्हणाले, "पण लावायचं म्हणाल तर कठीण आहे. कारागिराच्या खिडकीला पडदा होता असा एकही पुरावा आपल्याकडे नाही."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. चिटणिसांनी मान डोलावली. मास्तरांचं म्हणणं नियमाला धरून होतं आणि शिष्य गुरूच्या वर गेला याचा त्यांना अभिमानही वाटत होता. या दोघांशी वाद घालण्यात अर्थ नाही हे तिनं ओळखलं आणि ती मुकाट्यानं घरी आली.

त्याच्या पुढच्या रविवारी फेरी खिडकीशी पोचली तेव्हा त्या गुळगुळीत दगडावर मटाराच्या शेंगांच्या दोन टोपल्या भरून ठेवलेल्या होत्या. चिटणिसांनी माहिती सांगायला तोंड उघडलं तोच आतून आवाज आला, "उभेच आहात तर हात चालू द्या. दाणे या पातेल्यात, सालं त्या सुपात." अध्यक्षांनी पहिली शेंग उचलली. मग सगळ्यांनीच उचलल्या. तेव्हापासून त्या घरासमोर फेरी चांगली पंधरा मिनिटं थांबते, आणि टोपल्या रिकाम्या झाल्याशिवाय चिटणिसांना माहिती आवरती घेता येत नाही.