सुपडू स्टारने लावलेलं लग्न

आमच्या मयूरीच्या लग्नात एकही पाहुणा कंटाळणार नाही, ही जबाबदारी मी स्वतःच्या शिरावर घेतली होती. नात माझी, मंडप आमच्या कोरीट गावचा, डोकं माझं! वरात वेशीपासून नाचत येणार, म्हणजे दुपार गेलीच. तोवर मंडळींना बसवून ठेवायचं कसं? मी फर्मान काढलं, “मोठ्या पडद्यावर ‘सुपडूनी दुनिया’ लावा!”

अहिराणी गाण्यांचा बादशहा सुपडू स्टार याने हा सिनेमा काढला, तो स्वतःवरच. नायक सुपडू, खलनायक सुपडू, दोघांचा बापही सुपडू! नायिका होती, पण तिची कॅमेऱ्याकडे कायम पाठ, कारण समोर सुपडू. गाणी सगळी सुपडूची, सुपडूविषयी. थिएटरातून तो आठवड्याच्या आत उतरला. मंडपांतून मात्र अजून उतरायचं नाव नाही! आमच्याकडची पोरं बोलायच्या आधी त्यातल्या नाचावर मान हलवायला शिकतात. आणि त्यात सुपडूखेरीज एकच चेहरा नीट दिसतो: शेवटच्या लग्नातला भटजी. तो मी!

“पाव्हनासाठे लाई ऱ्हायनात का सोतासाठे?” आमच्या बायकोने, कौसाबाईंनी विचारलं.

“दोघांसाठी,” मी प्रामाणिकपणे सांगितलं.

सिनेमा सुरू झाला आणि मंडळी खुर्च्यांना डिंकासारखी चिकटली. शेवटी अंतरपाटाजवळ मी प्रकटलो. शिट्ट्या! माझी छाती बंडीत मावेना. तेवढ्यात पडद्यावरून ‘शुभमंगल सावधान’ घुमलं आणि सवयीने सगळ्यांचे हात वर गेले. आधीच वाटलेल्या अक्षता थेट पडद्यावर! डुलकी काढणारा बँडवाला दचकून जागा झाला आणि जीव खाऊन वाजवू लागला. आता बँड वाजला, की आमच्याकडे कुणी विचार करत नाही, जो तो पंगत धरतो.

“लगीन लागी गे! चला!” माझा चुलतभाऊ उखा ओरडला.

“अरे, नवरदेव यायचाय!” मी ओरडलो. पण बँडपुढे माझं काय चालणार? दाळ-बट्टीचा फन्ना! खरे भटजीही खुर्चीत पेंगत होते. तेही जागे झाले, आशीर्वाद पुटपुटले, पहिल्या पंगतीला जेवले आणि मोटरसायकलवर बसून धडगावच्या लग्नाला निघून गेले. घाटात फोन लागेना.

आणि वरात आली! मंडपात सगळे सुपारी चघळतायत, हे बघून व्याही शांतीलाल यांचा फेटा थरथरू लागला.

“अक्षदा कोनावर पडन्यात?”

“सुपडूवर,” उखाने ढेकर देत सांगितलं.

“आमना पोऱ्यानं लगीन बाकी शे! भटजी कुठे शेत?”

“घाटात.”

“मंग वरात माघारी फिरवस मी!”

आतून मयूरीचा हुंदका ऐकू आला. कौसाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी बट्टीसारखा भाजून निघालो. आता काही केलं नसतं, तर नातीचं लग्न माझ्याच हौसेने मोडलं असतं. मी हात जोडून पुढे झालो. व्याह्यांनी मला निरखलं. एकदा, मग पुन्हा.

“आबा... सुपडूना सिनेमामाना भटजी तुम्हीच का?”

“मीच.”

राग पाघळलाच! त्यांनी आधी फोटो काढला, मग हुकूम सोडला, “तुमीच लावा लगीन! असा मान कोनले मियस?”

नवी बट्टी चुलीवर चढली. अंतरपाट धरला गेला. मी ऐटीत घसा खाकरला, तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. मला एकही मंगलाष्टक येत नाही! शूटिंगलाही येत नव्हतं. मी नुसते ओठ हलवले होते. भटजीचा आवाजसुद्धा सुपडूनेच दिला होता.

मी पडद्यावाल्या ललितला डोळ्याने खुणावलं. पोरगा हुशार! त्याने चित्र बंद ठेवून नुसता आवाज लावला. सुपडू गात होता, मी ओठ हलवत होतो. ‘सावधान’ झालं आणि या वेळी अक्षता मयूरीच्या डोक्यावर पडल्या.

व्याह्यांनी मला कडकडून मिठी मारली. डोळे पुसत म्हणाले, “आबा, इतला वरीस व्हयनात, पन आवाज जशाना तशा शे!”

मी नम्रपणे मान झुकवली. नाही म्हणालो असतो, तर पुन्हा व्याह्यांचाच अपमान झाला असता!