सहा सालांचं भांडण

आमच्या समोरच्या दारातले बाळारामकाका पाहुण्याला ‘या’ म्हणायच्या आधी त्याची सायकल उलटी करतात. पाहुणा सायकलवर आला असेल तरच, हे खरं. पण भिवंडीत अजूनही बरेच लोक सायकलवर येतात, त्यामुळे आमच्या बिल्डिंगच्या दारात कुणाची ना कुणाची सायकल चाकं वर करून पडलेली असते, आणि तिच्याशेजारी डोळ्याला भिंग लावून उकिडवे बसलेले काका असतात.

“आदी पोट बघाचा,” ते म्हणतात. “तोंड काय, कुनीबी रंगवतो.”

सायकलीचं पोट म्हणजे दोन्ही पायडलांच्या मधली, खालची बाजू. तिथं बऱ्याचदा फ्रेमचा नंबर ठोकलेला असतो. काका रॉकेलच्या फडक्यानं तिथला चिखल पुसतात, वर कागद धरून पेन्सिल घासतात आणि मग साल सांगतात. हिंदुस्थानी सायकल असली तर दोन मिनिटांत उठतात. विलायती निघाली तर जेवण विसरतात.

एकदा पडघ्याला त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली तरी काका दिसेनात. मी शोधत मांडवामागं गेले, तर आचाऱ्याची सायकल उलटी आणि काका तिच्यात डोकं घालून. मुठीतल्या अक्षता केव्हाच चेनीत सांडल्या होत्या. “इंग्लंडचा चिमटा हाय,” ते मला हळूच म्हणाले. “बाकी सगला लुधियाना.” पुढच्या चाकाला धरणारा तो चिमटा पाहून त्यांचे डोळे जसे चमकले, तसे नवरीला पाहून नवऱ्याचेही चमकले नसतील.

माणसांनाही ते याच नजरेनं बघतात. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी केस काळे करून घेतले तेव्हा काका एवढंच म्हणाले, “फ्रेम त्रेसष्टची, रंग कालचा.” मी वडप्याच्या गोदामात कामाला जाते. माझी स्कूटर नवी असल्यामुळे तिच्याबद्दल त्यांना काहीच म्हणायचं नसतं. ज्या वाहनाचं साल कागदावरच लिहिलेलं आहे त्यात त्यांना काय रस?

काकांना हे परवडतं, कारण वडप्याच्या त्यांच्या भातशेतीवर आता गोदाम उभं आहे आणि करण्यासारखं काम उरलेलं नाही. घरी ते आणि अनुसयाकाकू. आणि संध्याकाळी पाचच्या चहाला हनीफभाई. हनीफभाईंचे लूम होते, आता मुलगा बघतो. दोघं लहानपणापासूनचे मित्र. हनीफभाईंनाही सायकलींचं वेड आहे, फक्त ते काकांइतके खाली वाकू शकत नाहीत. त्यांचे गुडघे गेलेत.

तर मागच्या हिवाळ्यात काकांना भंगारवाल्याकडे एक सायकल सापडली. मुंबईच्या कुठल्यातरी जुन्या बंगल्यातनं आलेली. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, वर चंदेरी रंगाचे जाड थर, नावाची पट्टी गायब. काकांनी फ्रेमवर नखानं टिचकी मारली. ती पितळेच्या भांड्यासारखी वाजली.

“ऐकलंस?” ते मला म्हणाले. “ही रेसची हाय. आपल्या सायकली ठप्प बोलतान.”

सायकल थेट बाहेरच्या खोलीत आली. पुढचे कित्येक दिवस जिन्यात रॉकेलचा वास होता. चंदेरी रंगाखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली मरून, आणि मरूनवर सोनेरी रेघा. काकांनी मला बोलावून त्या रेघा अशा दाखवल्या की जणू नातवंडाचा पहिला दात. पोटावरचा नंबर अर्धा गंजून गेला होता. आपला पाना नटाला बसेना, कारण आटे विलायती होते. काका त्यावरही खूश.

घोडं अडलं सालावर. मागच्या चाकाच्या मधल्या हबवर बारीक अक्षरांत ‘५२’ ठोकलेलं होतं. हनीफभाईंनी ते चष्मा वर करून वाचलं आणि निकाल देऊन टाकला. “बावन्नची है. साफ लिखा है.”

“हब बावन्नचा,” काका म्हणाले. “सायकल अठ्ठावन्नची. चाक बदललेला हाय.”

“कुणी बदललं?”

“ते मला काय ठावं? पन फ्रेमचे सांधे बघ. ब्रेकच्या वायरीची कडी बघ. बावन्नला अशी कडी न्हवती.”

“तू बावन्नला होतास बघायला?”

“तू होतास?”

दोघंही तेव्हा एक तर पाळण्यात होते किंवा जन्मलेच नव्हते. पण तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी हनीफभाई म्हणाले, “बाळाराम, तुला लिहिलेलं दिसत न्हाय आणि न लिहिलेलं दिसतं.” काका म्हणाले, “तुला वाकता येत न्हाय म्हनून तू वरचा वाचतंस.” गुडघ्यांवर बोलायला नको होतं. हनीफभाईंनी चहा अर्धा ठेवला आणि ते जिना उतरून गेले. पुढे आलेच नाहीत.

काका ताठ राहिले. “त्याला बावन्न पायजे तर बावन्न घेऊन बसू दे घरात.”

पण या भांडणात काकूंचं काय होणार, हे दोघांनीही मोजलं नव्हतं.

काकूंची आठवण दोनेक वर्षांपासून विरत चालली होती. मला त्या कधी माझ्या नावानं हाक मारत, कधी त्यांच्या बहिणीच्या. मुलगा डोंबिवलीहून आला की त्याला विचारत, “तुमी कोनाकडं आलाव?” काकाही त्यांना रोज ओळखू येतच असं नव्हतं. हनीफभाई मात्र नेमके लक्षात होते. पाच वाजले की त्या तीन कप काढायच्या. भांडणानंतरही काढतच राहिल्या.

“हनीफभाऊ आले न्हाईत?”

“येल,” काका म्हणायचे.

दहा मिनिटांनी पुन्हा तेच. दार उघडं असल्यामुळे मला माझ्या ओट्यापाशी सगळं ऐकू यायचं. काकांचं ‘येल’ दिवसेंदिवस बारीक होत गेलं, पण फोन काही त्यांनी उचलला नाही. शेवटी एका रविवारी मीच हनीफभाईंच्या घरी गेले आणि तीन कपांचं सांगितलं. त्यांनी लगेच टोपी घातली आणि माझ्या स्कूटरवर मागं बसले.

दारात उभं राहून त्यांनी आधी जाहीर केलं, “सायकल बघायला आलेलो न्हाय. वैनीला बघायला आलोय.”

“ये,” काका म्हणाले. हनीफभाई सायकलवर आले नव्हते हे खरं, पण काकांनी माणसाला आधी ‘ये’ म्हटलं.

काकू कप घेऊन बाहेर आल्या आणि थबकल्या. त्या दिवशीच काकांनी सायकल भिंतीपासून काढून खोलीच्या मध्यावर ठेवली होती. खिडकीतल्या उन्हात मरून रंग चमकत होता. काकूंनी हात लावला, सीटवरनं, मग हँडलवरनं.

“ही त्या पोराची सायकल,” त्या म्हणाल्या. “मना बघायला आला होता ना, त्याची.”

मी काकांकडे पाहिलं. काकूंना बघायला ते ज्या सायकलवर गेले होते, तिची गोष्ट बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ होती. काळी, देशी, उंच सरळ हँडलची, आणि ती लग्नानंतर वर्षाच्या आत खाडीत गेली. एका सायकलीचं साल चुकीचं सांगितलं म्हणून काकांनी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं सोडलं होतं. आता ते तोंड उघडणार असं मला वाटलं. त्यांनी उघडलंही.

“हो,” काका म्हणाले. “तीच.”

काकू हँडलपाशी अडल्या. “ह्याचा हँडल असा न्हवता. वर होता.”

तेवढ्यात हनीफभाई पुढे झाले.

“मी वाकवला, वैनी. मागं मीच बसलो होतो ना? येताना गटारात पडलो दोघं.”

“तरीच,” काकू म्हणाल्या आणि हसल्या. खूप दिवसांनी मी त्यांना हसताना पाहत होते. “पोराच्या लेंग्याला चिखल होता. आईला म्हटलं, हा बघायला आलाय का नांगरायला?”

“कोणतं साल वैनी?” हनीफभाईंनी विचारलं.

“ते ह्यांना विचारा.” काकूंनी काकांकडे बोट केलं, दुकानातल्या ओळखीच्या माणसाकडे करावं तसं. “ह्यांना सायकलींतला कलतो.”

काकांनी हनीफभाईंकडे पाहिलं. हनीफभाईंनी मान हलवली.

“वैनी सांगतान तेच साल,” काका म्हणाले.

काकू खुर्चीत बसल्या. कप हातात तसाच. काका त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी विचारलं, “मंग, पोर कसा वाटला?”

“बरा होता. बोलला न्हाय काय. सारखा सायकलीकडंच बघत होता.” काकू विचार करू लागल्या. मग त्या पुढं वाकल्या आणि आवाज खाली आणला. “तुमी वलखता त्याला?”

“वलखतो.”

“चांगला हाय?”

काकांनी हनीफभाईंकडे एकदा बघितलं. “अडून बसतो कधी कधी,” ते म्हणाले. “पन सोडून जायाचा न्हाय.”

काकूंनी चहाचा घोट घेतला. “मंग त्याला आमचा होकार कलवा,” त्या म्हणाल्या.