शंभर वर्षांची सीडी

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आदिलाबादच्या एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एक सीडी चार मिनिटं गरगरली आणि थांबली. ती कोरी असल्याचं काँप्युटरने कळवलं. तारीख नऊ होती. रेकॉर्ड सांभाळणारे माणिकराव तीस तारखेला रिटायर होणार होते.

पेन्शनच्या कागदांवर वरून हरकत आली होती: सर्व्हिस बुकातली नेमणुकीची तारीख पुसट आहे, नेमणूक रजिस्टरातल्या पानाची नक्कल जोडावी. रजिस्टर सतरा वर्षांपूर्वी सीडीवर चढलं होतं आणि मूळ वही हुकमाप्रमाणे रद्दीत गेली होती. त्या हुकमाच्या तामिलीवर सही माणिकरावांचीच होती.

"कोरी कशी? डब्यावर शंभर वर्सं लिवलं हाय," ते म्हणाले.

"काका, ते थंड, अंधाऱ्या खोलीतलं," काँप्युटरवर बसणारी अर्पिता म्हणाली. "तुमी ठिवली खिडकीत, पत्र्याखाली. मे महिन्यात इथं मानूस टिकत नाई."

"मंग टिकते किती?"

"असली स्वस्तातली दहा वर्सं टिकली तं लय झालं."

खिडकीत ती त्यांनी मुद्दाम ठेवली होती, साहेबांना दारातूनच दिसावी म्हणून. माणिकराव खुर्चीवर बसले. बसून चालणार नव्हतं. सीडी वाचायचं यंत्र कचेरीत कोणत्याच काँप्युटरला उरलेलं नव्हतं. हे इचोड्याच्या लग्नाच्या फोटोवाल्याकडून मागून आणलेलं, आणि संध्याकाळच्या बसने परत द्यायचं होतं.

मग त्यांना आठवलं की दुसरी प्रत फायलीत लावली होती. ती फाइल तीन वाजता सापडली, लोखंडी कपाटाच्या तळाशी, लाल कापडाच्या बस्त्यात. अर्पिताने सीडी हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. सीडीच्या काठाशी दोन भोकं होती आणि भोकांतून सुतळी ओवलेली होती.

"काका, हे काय हाय?"

"नत्थी केली."

छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चिटोरं सुटं राहिलं नव्हतं. सीडीला टाचणी लागेना, म्हणून त्यांनी चहाच्या स्टोव्हवर दाभण तापवून काम निभावलं होतं. त्या वर्षीच्या तपासणीत फायलींच्या बांधणीवर 'उत्तम' असा शेरा मिळाला होता.

सुतळी कापली. सीडी फिरू लागली तशी टेबलावरची कपबशी थरथरली, पण अक्षरं उमटली. बस्त्यातल्या अंधाराने ती सांभाळली होती. सीडी आतून बाहेर वाचली जाते, असं अर्पिताने समजावलं. एक पान उघडलं, पन्नास उघडली, दोनशे उघडली. माणिकरावांनी सकाळपासूनचा पहिला चहा घेतला. दोनशे बाराव्या पानावर यंत्र अडलं.

"भोकापाशी आलो, काका."

माणिकरावांचं पान दोनशे एक्केचाळीसावं होतं.

साहेबांनी नियम पाहून सांगितलं की त्याच दिवशी नेमणूक झालेल्या सहकाऱ्याचं शपथपत्र चालेल. असा एकच माणूस होता, तीन वर्षांपूर्वी रिटायर होऊन निर्मलला राहणारे भगवानराव. दुसऱ्या दिवशी फोनवर ते आनंदाने तयार झाले. माणिकराव सरळ माणूस. त्यांनी कारणही सांगून टाकलं. भगवानरावांनी विचारलं,

"माह्यं पान कितवं होतं?"

"दोनशे बेचाळीस."

"म्हंजे तेबी गेलं."

"गेलं."

"मंग माही पेन्शन कशावर चालू हाय?"

"आतापावतर कोनी इचारलं नाई."

"मंग आता काऊन इचारायला लावून राह्यला, बाबा?"

त्यानंतर भगवानरावांनी फोन उचलला नाही. एकवीस तारखेच्या रविवारी माणिकराव स्वतः निर्मलला गेले. घराला कुलूप होतं. मंडळी लेकीकडे नांदेडला गेली आहेत, परत कधी येणार ते सांगून गेली नाहीत, असं शेजारणीने सांगितलं.

एकोणतीस तारखेला दुपारी कचेरीने निरोपाच्या हाराची ऑर्डर दिली. पेन्शनच्या फायलीवरचा शेवटचा शेरा 'नक्कल अप्राप्त' असा आहे.